डबा सुटतो तेव्हा



आईच्या दुधाचे महत्त्व सांगणारी भित्तिपत्रके प्रत्येक आरोग्य केंद्रात लागतात, आणि ती लागलीच पाहिजेत. पण काही कारणाने जिचे बाळ डब्याच्या पावडरीवर वाढते, त्या बाईकडे सारे संशयाने पाहतात. मूल सहा महिन्यांचे झाले की 'आता डब्यावरून दुधावर, भातावर कसे आणायचे?' हा तिचा साधा प्रश्न. तो विचारायलाही ती कचरते.

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यात, मुंबई-कोलकाता महामार्गावर कोहमारा आहे. तिथल्या बायकांच्या बैठकीत मी हा विषय काढला. हा सगळा मुलूख धानाचा. रोवणीच्या दिवसांत सव्वा महिन्याची बाळंतीणही चिखलात उतरते. बाळ आजीपाशी, आई दिवसभर बांधीत. पाजणे चुकत गेले की दूध आटत जाते, आणि घरात डबा येतो. एक जण म्हणाली, "बाई, डबा तीन दिवसांत संपते, मजुरी कुठवर पुरवू?" हिशेब खरा आहे. चार-पाच महिन्यांचे बाळ फक्त पावडरीवर असेल, तर 400 ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसच टिकतो. मग एका मापाचे दोन पेले होतात. रंग पांढराच राहतो, सत्त्व जाते, मूल रोडावते. अडाणीपणाचा ठपका मात्र आईवर येतो.

म्हणून आधी माहिती. सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करायचे, मूल अंगावर पीत असो वा डब्यावर. जागतिक आरोग्य संघटनेची 2023 ची मार्गदर्शिका सांगते की अंगावर न पिणाऱ्या बाळाला सहा ते अकरा महिन्यांत पावडरीचे दूध चालते, तसेच जनावराचेही. वर्षानंतर पावडरीची गरजच नाही. जनावराचे दूध उकळलेले द्यावे, त्यात पाणी घालू नये, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे. पण नुसत्या दुधावर ठेवू नये, कारण गाई-म्हशीच्या दुधात लोह फार कमी असते. अंगावर न पिणाऱ्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा खायला हवे. पातळ पेज चमच्यावरून ओघळते, पोट भरते, अंगी लागत नाही. चमच्यावर टिकेल असा मऊ कुस्करलेला भात, घट्ट वरण, मुगाची खिचडी, त्यावर तेल किंवा तूप, शिजवलेली भाजी, अंडे, काटे काढलेली तळ्यातली मासळी. आपल्या भागात यातले काही अपरूप नाही. अंगणवाडीतून सहा महिन्यांपासून घरी न्यायचा आहार मिळतो आणि आशाताईंकडे लोहाचे औषध असते. ते हक्काने मागावे.

आता मुख्य मुद्दा. दिवसातून पाच वेळा मऊ शिजवून, थांबून थांबून, चमच्याने भरवायचे कोणी? सारा सल्ला 'मातांनो' अशा हाकेने सुरू होतो आणि बापाचे नावही घेत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरांना पुरेसा आहार मिळत होता. शंभरातल्या एकोणनव्वद आया निष्काळजी आहेत, असे कोण म्हणेल? हा वेळेचा, मजुरीचा आणि पाळणाघराचा प्रश्न आहे.

2017 च्या दुरुस्तीने नोकरदार बाईची भरपगारी प्रसूती रजा 26 आठवडे झाली. रोवणीच्या मजूर बाईला त्यातला एक दिवसही मिळाला नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात लिहिले होते की कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर ती सांभाळायला एक बाई नेमावी. ती नेमलेली किती ठिकाणी पाहिली, हे बैठकीत विचारले तेव्हा सगळ्या हसल्या.

या पोकळीत बाजार शिरतो. 1992 च्या कायद्याने, आणि 2003 मध्ये तो आणखी कडक झाल्यावर, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या पावडरी, बाटल्या आणि डब्यातल्या शिशुआहाराच्या जाहिरातींवर बंदी आली. मोफत नमुने वाटणेही गुन्हा ठरले. तक्रार दाखल करण्याचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांनाही मिळाला. मुंबईची 'अकॅश' त्यांतली एक. तरीही 'पुढच्या टप्प्याची' पावडर आणि तयार लापशी घराघरात पोचली. एप्रिल 2024 मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने दाखवून दिले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी 2.7 ग्रॅम वरून घातलेली साखर होती, आणि युरोपातल्या तशाच मालात ती नव्हती. आमच्या मुलांची जीभ गोडाला लावायची आणि वरणभाताला तोंड फिरवले की आईला बोल लावायचा, असा हा व्यवहार.

तेव्हा पुढच्या बैठकीत तीन गोष्टी कराव्यात. डब्यावर मूल वाढवणाऱ्या बाईला आधी बोलू द्यावे, उपदेश नंतर. रोवणी आणि तेंदूपानाच्या हंगामात गावात पाळणाघर चालावे आणि तिथे भरवण्याची सोय असावी, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. आणि त्या ठरावावर बापांच्याही सह्या घ्याव्यात. सही करणाऱ्याने दिवसातली एक वाटी आपल्या हाताने भरवायची. बाळाच्या उष्टावणाला सारा गाव जमतो. दुसऱ्या दिवसापासून ती वाटी एकट्या आईच्या हातात का राहावी?