नगराची जमीन व दलालाची निवड

शहराच्या मालकीची, कारखान्यांसाठीं राखलेली जमीन खपविण्यास दलाल मुळींच नेमूं नये, असें कित्येकांचें म्हणणें असतें. आम्हांस तें पटत नाहीं. कोणत्या कारखानदारास किती जागा, पाणी व वीज हवी, त्याच्यापाशीं खरोखर पैसा आहे कीं नुसतें नांव आहे, ही माहिती कचेरींतील कारकुनास नसते. जाणत्या दलालास असते. प्रश्न इतकाच कीं, हा दलाल लोकांचा कीं गिऱ्हाइकाचा?

आम्ही शेतकऱ्यांचीं मुलें. अडत्या म्हणजे काय, हें आमच्या बापजाद्यांनीं भोगलें आहे. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरे आणि ज्याचा माल तोच अंधारांत राही. तो रुमाल नगराच्या जमिनीवर पडूं नये.

थोडा हिशेब करूं. शेकडा १ दलाली धरल्यास १० कोटींच्या जमिनीवर दलालास १० लाख मिळतात. आणखी सहा महिने खपून त्यानें ५० लाख अधिक आणले, तर त्याच्या वांट्यास अवघे ५० हजार! मग तो कशास थांबेल? पहिल्याच गिऱ्हाइकास तो 'भाव उत्तम' म्हणणार. हा दोष माणसापेक्षां कराराचा अधिक आहे. म्हणून मूळ किंमतीपर्यंत दलाली कमी व त्यावरील रकमेवर चढती असावी.

ती मूळ किंमत मात्र दलालानें ठरवूं नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचें ७९ वें कलम चालू बाजारभावाहून कमी मोबदल्यांत जमीन देऊं देत नाहीं. पण बाजारभाव दलालच सांगूं लागला तर कलम कागदावरच राहील. घेणाराकडूनही पैसे घेणारा दलाल दारांत उभा करूं नये. निविदा चारचौघांसमोर उघडाव्या व कोणास कां निवडलें, तें मराठींत लिहून फळ्यावर लावावें. सार्वजनिक मालमत्ता उघड व न्याय्य रीतीनेंच दिली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं मध्य प्रदेशांतील एका जमिनीच्या खटल्यांत बजावलेंच आहे.

आणखी एक गोष्ट. १९६२ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आपले भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें देतें. मालकी लोकांकडेच राहते. विक्रीवर दलाली भरपूर व पट्ट्यावर तुटपुंजी ठेवली, तर दलाल विक्रीचाच सल्ला देईल. पैसा दोन वर्षांत संपेल, जमीन मात्र परत येणार नाहीं. ज्यांच्या शेतांवर शहर वाढलें, त्यांच्या मुलांस त्या जमिनीवर काम मिळावें, हाही भाव हिशेबांत धरला पाहिजे.

वाचकांनीं आपल्या नगरसेवकास तीन प्रश्न विचारावे: किंमत कोणीं ठरविली? दलालास पैसे कोण व कसे देणार? जमीन विकणार कीं पट्ट्यानें देणार? उत्तर देण्याचें टाळलें, तर रुमाल पडला असें समजावें.