सोलापूरची चिनी सून

आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं सध्यां मोठी चिंता आहे. त्यांची नात परदेशीं एका सेवाकार्यांत स्वयंसेविका म्हणून गेली, आणि तेथेंच सोबत काम करणाऱ्या एका तरुणाशीं विवाह ठरवून परत आली. मुलगा परप्रांतीय; घराणें कोणाच्या ओळखीचें नाहीं. "मास्तर, चार महिन्यांच्या ओळखीवर जन्माची गांठ बांधावी काय?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें. उत्तरादाखल जी हकीकत आम्हीं त्यांस सांगितली, तीच वाचकांपुढें ठेवतों.

१९३८ सालीं जपानशीं चाललेल्या युद्धांत चीनला डॉक्टरांची फार वाण पडली. चिनी सेनापति झू दे यांनीं पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितलें, काँग्रेसचे तेव्हांचे अध्यक्ष सुभाषबाबू यांनीं देशाला आवाहन केलें, आणि पांच डॉक्टरांचें पथक रवाना झालें. अलाहाबादचे अटल प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि पांचवे सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांचें वय अवघें २७. तिकडे असतांनाच वडील वारल्याची वार्ता आली, तरी ते परतले नाहींत. आमच्या वयाच्या वाचकांस हें खटकेल; आम्हांसहि खटकतें. पुढें अटल, चोळकर व मुखर्जी मायदेशीं आले. कोटणीस आणि बसू मागें राहिले.

नॉर्मन बेथ्यून नांवाचे कॅनडाचे शल्यविशारद त्याच भागांत काम करीत. शस्त्रक्रियेच्या वेळीं बोटाला झालेल्या जखमेंतून विष भिनून १९३९ च्या नोव्हेंबरांत ते वारले. त्यांच्या समाधीच्या समारंभास १९४० सालीं कोटणीस गेले होते. तेथें क्वो छिंगलान या परिचर्या शिकविणाऱ्या बाईंनीं त्यांस प्रथम पाहिलें. हा परदेशस्थ डॉक्टर आपली भाषा बोलतो, थोडीफार लिहितोहि, याचें त्यांना मोठें नवल वाटलें. अनुरागाचें मूळ तेथें आहे. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळें ही जोडी घरोघरीं ठाऊक झाली खरी, परंतु पहिली भेट एका समाधीपाशीं घडली, हें थोड्यांच्याच ध्यानीं असतें. आम्हीं जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं. त्यामुळें कोणाचा विवाह जुळल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. पण दिवसभर जखमा शिवून रात्रीं परकी लिपि गिरविणारा मनुष्य कोणत्या जातीचा असतो, हें मात्र शिक्षकाला चटकन् कळतें.

१९४१ सालीं कोटणीस बेथ्यून यांच्याच नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षीं हा विवाह झाला. पत्रिका नाहीं, गोत्र नाहीं. गांधर्व म्हणावा, तर शकुंतलेच्या विवाहासारखा तो लपविलेलाहि नव्हता. सोलापुरास आम्ही वडीलधारे असतों तर संमति दिली असती काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, नसती. १९४२ च्या ऑगस्टांत पुत्र झाला. सेनापति न्ये रुंगचेन यांच्या सूचनेवरून त्याचें नांव यिनह्वा ठेविलें; यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेंहि झालें नव्हतें, तोंच ९ डिसेंबर रोजीं अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीस गेले. वय ३२. यिनह्वाहि १९६७ सालीं ऐन तारुण्यांत वारला. छिंगलानबाई मात्र २०१२ पर्यंत होत्या, आणि सासरच्या माणसांना भेटावयास त्या अनेकदां भारतांत येऊन गेल्या. ज्या घरानें लग्नांत अक्षताहि टाकल्या नव्हत्या, त्या घराचें नातें त्यांनीं राखलें.

हें ऐकून स्नेही कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तें सगळें खरें, मास्तर, पण आमचा हा मुलगा कांहीं कोटणीस नव्हे."

"नसेलहि," आम्ही म्हणालों, "त्याला आठ दिवस घरीं राहावयास बोलवा. गोत्र नंतर विचारा. आधीं मराठी किती येतें तें पाहा."

इतक्यांत माजघरांतून आजीबाई बाहेर आल्या. "नातीकडून शिकतो आहे तो," त्या म्हणाल्या. "परवां फोनवर मला विचारलें त्यानें, 'आजी, गुडघा कसा आहे?' ह्यांनीं कधीं विचारलें नाहीं!"

आमचे स्नेही उठून पंचांग शोधूं लागले.