फुकटचे सॉफ्टवेअर आणि संघटनेची वही

अलीकडच्या काही वर्षांत डिसेंबर महिना आला की अभियांत्रिकी महाविद्यालयांतून एका सोहळ्याची लगबग सुरू होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांच्या पुढाकाराने २०१७ साली सुरू झालेल्या 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन'ची ती अंतिम फेरी असते. केंद्राची मंत्रालये, राज्यांची खाती, सार्वजनिक उपक्रम आणि काही खासगी कंपन्यादेखील आपापले प्रश्न मांडतात आणि सहा-सहा विद्यार्थ्यांचे गट सलग छत्तीस तास जागून त्यांवर सॉफ्टवेअरचा तोडगा तयार करतात. मंत्र्यांची भाषणे होतात, तरुणाईच्या प्रतिभेचे गोडवे गायले जातात आणि राष्ट्रउभारणीत विद्यार्थ्यांचा सहभाग वाढल्याचे समाधान व्यक्त केले जाते.

या गौरवगीताच्या पलीकडे जाऊन थोडा हिशेब मांडून पाहावा. २०२३ साली एका प्रश्नामागे एक लाख रुपयांचे पारितोषिक होते. सहा जणांत ते वाटले तर माणशी सोळा-सतरा हजार रुपये पडतात, आणि तेही केवळ विजयी गटाला. त्याच प्रश्नावर तितकीच रात्र जागवणाऱ्या इतर गटांच्या हाती प्रशस्तिपत्रापलीकडे फारसे काही पडत नाही. म्हणजे अनेकांनी राबायचे, एकाने मजुरी घ्यायची आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी ही व्यवस्था आहे. शेतमजुराला वा गिरणी कामगाराला अशी अट कोणी घातली असती तर समाजवादी चळवळ रस्त्यावर उतरली असती. राबणारा विद्यार्थी आहे आणि श्रम बुद्धीचे आहेत, एवढ्यानेच त्या वेठीला स्पर्धा हे नाव मिळाले आहे.

विद्यार्थ्यांनी समाजाच्या उपयोगी पडू नये, असे कोणी म्हणणार नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली ती याच विचाराने. राष्ट्र सेवा दलाने तर त्याच्या कितीतरी आधी श्रमदानाला शिक्षणाचा दर्जा दिला होता. करून शिकणे हे पुस्तक पाठ करण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. तेव्हा वाद विद्यार्थ्यांशी नाही आणि संगणकाशी तर मुळीच नाही. वाद आहे तो दोन गोष्टींशी: प्रश्न कोण विचारतो, आणि परीक्षा संपल्यावर जबाबदारी कोण घेतो.

पहिली गोष्ट प्रश्नाची. साधन हे नेहमी प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने झुकते. अधिकाऱ्याने प्रश्न विचारला तर तो मजुरावर नजर कशी ठेवावी असा असतो. मजुराने विचारला तर तो अधिकाऱ्याने मजुरी का अडवली असा असतो. दोन्हींसाठी लागणारी माहिती बव्हंशी एकच, संगणकही तोच. निघणारे उत्तर मात्र परस्परविरोधी.

याचे ढळढळीत उदाहरण महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेने दिले. २०२१ साली केंद्राने या योजनेच्या कामांवर मोबाइलवरून हजेरी घेणारे ॲप आणले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते सर्वत्र सक्तीचे केले. कामावरील मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रे काढून ती पाठवावयाची होती. ज्या गावात मोबाइलला रेंज नाही तेथे छायाचित्र चढले नाही. छायाचित्र चढले नाही म्हणून हजेरी लागली नाही. आणि हजेरी लागली नाही म्हणून घाम गाळूनही मजुरी बुडाली. २०२३ च्या फेब्रुवारीत मजुरांना दिल्लीच्या जंतर मंतरवर येऊन धरणे धरावे लागले. मजुरी पंधरा दिवसांत न मिळाल्यास भरपाई देण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. पण सरकारच्या उशिराचे छायाचित्र दिवसातून दोनदा काढणारे ॲप काही कोणी सक्तीचे केले नाही. पुढे २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा आणला. परंतु मजुराच्या वाट्याला आलेला तो धडा त्यामुळे पुसला जात नाही. हे ॲप विद्यार्थ्यांनी केलेले नव्हते, हे खरे. परंतु खात्याने प्रश्न द्यायचा आणि तंत्रज्ञाने तो निमूटपणे सोडवायचा, हीच शिकवण आजच्या स्पर्धांतून उद्याच्या तंत्रज्ञाला दिली जात आहे. असा विद्यार्थी उत्तम कारागीर होईल. नागरिक होईलच असे नाही.

याच्या नेमकी उलट वाट राजस्थानात चोखाळली गेली. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपटांच्या नकला मिळवून त्या गावच्या जनसुनवाईत मोठ्याने वाचून दाखवल्या. मेलेल्या माणसांची हजेरी, न बांधलेल्या बंधाऱ्यांची बिले सर्वांसमक्ष उघडी पडली. त्या लढ्यातून माहितीच्या अधिकाराची मागणी उभी राहिली आणि २००५ चा कायदा झाला. पुढे २०१९ साली राजस्थान सरकारने 'जन सूचना पोर्टल' सुरू केले, तेव्हा कोणती माहिती तेथे असावी, ती गावातल्या माणसाला कळेल अशी कशी मांडावी, याची चर्चा सरकारी संगणक अधिकारी आणि लोकसंघटना यांनी एकत्र बसून केली होती. तेथे प्रश्न लोकांचा होता. संगणक त्याच्या मागून आला.

महाराष्ट्राला तर इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचल्या आणि त्या कामातून, बाबा आढाव यांच्या साथीने, १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. या बायका शहराचा किती कचरा परस्पर मार्गी लावतात आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा खर्च किती वाचतो, याची मोजदाद झाली. आकडेवारी हाती आली तशी 'घाणीत हात घालणारी बाई' ही 'शहराची सेवा करणारी श्रमिक' ठरली; महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे मिळाली; पुढे २००८ साली घरोघरचा कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही तिची सहकारी संस्था कामाला लागली. विद्यापीठ आणि संघटना यांचे खरे नाते ते हे. प्रश्न वस्तीतून आला, मोजणी वस्तीसाठी झाली आणि मोजणारी माणसे सत्र संपले म्हणून निघून गेली नाहीत.

दुसरी गोष्ट जबाबदारीची, आणि येथे बोट केवळ सरकारकडे दाखवून भागणार नाही. घरकामगारांची संघटना असो, फेरीवाल्यांची पंचायत असो की तालुक्याचे वाचनालय असो. 'आपल्यालाही एक ॲप हवे' ही हौस चळवळीतही शिरली आहे. जवळच्या महाविद्यालयातील चार-पाच विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. कार्यकर्ता आनंदाने सभासदांची वही त्यांच्या हवाली करतो. नावे, पत्ते, फोन क्रमांक, जात, आधार क्रमांक, कोणाच्या घरी काम करते, वर्गणी किती थकली, हे सारे कोणा विद्यार्थ्याच्या खासगी लॅपटॉपवर आणि तेथून एखाद्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. अधिवेशनात पडद्यावर रंगीत आलेख झळकतात. जूनमध्ये निकाल लागतो. विद्यार्थी नोकरीसाठी बंगळूरला जातात. ऑगस्टमध्ये सर्व्हरचे भाडे थकते, पासवर्ड कोणालाच आठवत नाही, आणि दिवाळीपर्यंत संघटनेच्या हाती ना ॲप राहते ना अद्ययावत वही.

यात विद्यार्थ्यांचा दोष तो काय? त्यांना गुण हवे होते, ते मिळाले. महाविद्यालयाला अहवालात 'समाजोपयोगी प्रकल्प' दाखवायचा होता, तो दाखवला गेला. फसली ती संघटना, आणि तीही आपल्याच आळसाने. सॉफ्टवेअरचा खर्च ते बांधण्यात कमी आणि राखण्यात अधिक असतो. फोन बदलतात, नियम बदलतात, चुका सापडतात. दर वेळी कोणीतरी हात घालावा लागतो. विहीर खोदणाऱ्याचे कौतुक सगळे करतात. गाळ काढणारा कोणी नसेल तर चौथ्या उन्हाळ्यात तिचा उकिरडा होतो. तेव्हा 'फुकट मिळाले' असे जे म्हटले जाते, ती शुद्ध आत्मवंचना आहे. किंमत द्यावी लागतेच. फक्त ती विद्यार्थ्याच्या न दिलेल्या मजुरीतून आणि सभासदाच्या उघड्या पडलेल्या माहितीतून वसूल होते.

ही माहिती म्हणजे काही निर्जीव आकडे नव्हेत. कोणती बाई संघटनेची सभासद आहे हे मालकाला कळले तर तिचे काम जाऊ शकते. कोणता फेरीवाला मोर्चात पुढे होता हे कळले तर त्याची गाडी उचलली जाऊ शकते. पिढ्यान्‌पिढ्या कार्यकर्त्यांनी सभासदांच्या याद्या जिवापाड जपल्या. तीच यादी आज एका विनंतीवर कोणाच्याही स्वाधीन केली जाते. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती गोळा करणाऱ्यावर संमती घेण्याचे आणि ती जपण्याचे बंधन घातले आहे. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये बदल करून 'व्यक्तिगत' या सबबीखाली शासनाला माहिती नाकारणे सोपे करून ठेवले, हेही विसरता येत नाही. शासनाची वही लोकांना मिटलेली आणि लोकांची वही सर्वांना उघडी, अशा दुहेरी अन्यायात चळवळीने स्वतःच्या हाताने भर घालू नये.

'गरीब संघटनांना पैसे देऊन सॉफ्टवेअर परवडणार कसे? आणि विद्यार्थ्यांना अनुभव मिळणार कोठून?' असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप खोटा नाही. परंतु परवडत नाही म्हणून वेठ रास्त ठरत नाही. उत्तर विद्यार्थ्यांना दूर ठेवण्यात नसून संबंध बदलण्यात आहे. प्रश्न सभासदांच्या बैठकीत ठरावा; त्यासाठी विद्यार्थ्यांनी प्रथम महिनाभर वस्तीत जाऊन बसावे. जी माहिती कामाला लागत नाही ती घेऊच नये. वर्गणीच्या हिशेबाला जातीचा रकाना आणि आधार क्रमांक लागत नाही. काम चालू असताना खोटी नावे वापरावीत; खरी यादी संघटनेच्याच यंत्रावर आणि संघटनेच्याच नावाच्या खात्यावर राहावी. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली असावे, म्हणजे ते एका गावात घडले तर दुसऱ्या गावाला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. वापराची पुस्तिका मराठीत असावी आणि संघटनेतले निदान दोन सभासद ते चालवायला शिकलेले असावेत. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी नवे ॲप न करता जुन्याची डागडुजी करावी आणि त्यालाही तितकेच गुण मिळावेत, असा करार महाविद्यालयाशी व्हावा. कागदाची वही मात्र कपाटातून हलू नये.

शासनाकडे करावयाची मागणीही स्पष्ट आहे. खात्याच्या वा कंपनीच्या उपयोगाचे काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचे असेल तर प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळाले पाहिजे, केवळ विजेत्याला नव्हे. शिकाऊ उमेदवारांना विद्यावेतन देण्याचे तत्त्व १९६१ च्या कायद्याने मान्य केलेलेच आहे. कायम स्वरूपाच्या कामाला कायम माणसे नेमली पाहिजेत. त्यासाठीच तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ साली स्थापन झाले. सार्वजनिक यंत्रणेचे काम स्पर्धा आणि कंत्राटे यांवर ढकलत जायचे आणि बेकार पदवीधरांना 'नवोन्मेषा'ची प्रवचने द्यायची, हा दुटप्पीपणा थांबला पाहिजे.

डॉ. राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्याच्या हाती मत, फावडे आणि तुरुंग अशी तीन साधने दिली होती. त्यातले फावडे आज संगणकाचे रूप घेऊन आले असेल तर त्याचे स्वागतच करावे. पण फावडे उचलण्यापूर्वी खड्डा कोणासाठी खणला जात आहे, हे पाहणे हे त्या कार्यकर्त्याचे पहिले काम आहे. येत्या शैक्षणिक वर्षात प्रत्येक संघटनेच्या दारी उत्साही विद्यार्थी येतील. त्यांना चहा द्यावा, वस्तीत न्यावे, सभासदांच्या बैठकीत बसवावे आणि महिनाभर केवळ ऐकू द्यावे. सभासदांची वही मात्र पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती ठेवू नये.