प्रश्न विचारण्याची रीत

संगणक अडला की औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावात माणसाची पहिली धाव झेरॉक्सच्या दुकानाकडे, आपले सरकार सेवा केंद्राकडे किंवा एमएस-सीआयटीचे वर्ग घेणाऱ्या ओळखीच्या शिक्षकाकडे असते, आणि तेथे काम झाले नाही तर यंत्र पिशवीत घालून हिंगोली, परभणी किंवा नांदेड गाठावे लागते. यात दिवस मोडतो, भाडे जाते आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे द्यावे लागतात. वास्तविक पुष्कळदा बिघाड यंत्रात नसतोच, कोठेतरी एखादे सेटिंग बदललेले असते, प्रिंटरला संगणकाशी बोलते करणारी छोटी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, पुसली गेलेली असते किंवा मराठी मजकुराचा फाँट जुळत नसतो. अशा अडचणींसाठी गेली चार दशके जगभर एक विनामूल्य व्यवस्था चालू आहे. तिला स्वयंसेवी साहाय्य-समुदाय म्हणता येईल: अडलेला माणूस इंटरनेटवर सर्वांना दिसेल असा प्रश्न मांडतो, जाणकार माणूस कोणताही मोबदला न घेता उत्तर लिहितो, आणि तो प्रश्न व ते उत्तर दोन्ही पुढच्या माणसासाठी तेथेच राहतात.

या व्यवस्थेची मुळे १९८० मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत सुरू झालेल्या यूजनेट या संदेशजालापर्यंत जातात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागल्यावर जाणकारांनी त्यांची उत्तरे एकत्र लिहून ठेवण्याची प्रथा पाडली, आणि आज अनेक सरकारी संकेतस्थळांवरही दिसणारे ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ हे सदर याच प्रथेतून रूढ झाले. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आपण एक मुक्त कार्यप्रणाली (संगणकाचे सर्व कामकाज चालवणारी मूळ आज्ञावली) तयार करत असल्याचे यूजनेटवरच कळवले आणि लोकांच्या सूचना मागवल्या. तीच पुढे लिनक्स झाली. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने याच रीतीला शिस्तीचे रूप दिले: एका प्रश्नाखाली अनेक उत्तरे, त्यांना वाचकांची मते, आणि सर्वांत उपयुक्त ठरलेले उत्तर वरच्या बाजूला. त्याच्या पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी आवृत्त्या निघाल्या, मराठी आवृत्ती निघाली नाही, आणि मराठी भाषकांची संख्या पाहता ही उणीव लहान मानता येत नाही.

एखादा म्हणेल की मदत तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटांतही मिळते. शिक्षकांचे, ग्रामपंचायतींच्या संगणक परिचालकांचे, सेवा केंद्रचालकांचे असे गट मराठवाड्यात सर्वत्र आहेत, आणि रात्री दहा वाजतासुद्धा परजिल्ह्यातला कोणी अनोळखी माणूस त्यांवर आपुलकीने उत्तर देतो, हे खरे आहे. परंतु ते उत्तर दुसऱ्या दिवसापर्यंत शुभेच्छांच्या आणि परिपत्रकांच्या ढिगाखाली जाते, गटाबाहेरच्या माणसाला ते कधी सापडत नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न त्याच गटात नव्याने विचारला जातो. औंढ्याच्या संदर्भात हा भेद समजायला कठीण नाही. नरसीच्या नामदेवांना औंढ्याच्याच नागनाथाच्या मंदिरात विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, अशी परंपरा आहे. ती भेट दोघांपुरती होती. पण नामदेवांनी जे जाणले ते अभंगांतून सर्वांसमोर मांडले गेले, आणि त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबापर्यंत पोहोचली. कानात सांगितलेले आणि चारचौघांत मांडलेले ज्ञान यांत असा फरक पडतो.

विनामूल्य मदतीसाठी पैसा लागत नसला, तरी नेमका प्रश्न लागतो, आणि नव्या माणसाची निराशा बहुधा येथेच होते. ‘कॉम्प्युटर चालत नाही, प्लीज मदत करा’ या वाक्याला जगातला कोणताही तज्ज्ञ उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यात कोणता संगणक, काय चालत नाही आणि केव्हापासून, यांपैकी काहीच नाही. याउलट यंत्रावर कोणती कार्यप्रणाली आहे, कोणत्या आज्ञावलीत अडचण आली, पडद्यावर उमटलेला संदेश अक्षरशः काय होता, त्याच्या आधी कोणता बदल केला होता, आणि आतापर्यंत कोणते उपाय करून पाहिले, एवढे पाचसहा ओळींत लिहिले तर बरेचदा तासाभरात उत्तर येते. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा उतरवण्याला विशेष महत्त्व आहे, कारण तेच शब्द शोधयंत्रात टाकल्यावर हीच अडचण पूर्वी कोणाला आली होती आणि ती कशी सुटली, हे पुष्कळदा प्रश्न विचारण्याआधीच कळते. असे लिहिताना माणूस स्वतःच अडचणीचे भाग पाडू लागतो, आणि अर्धा उलगडा तेथे होतो.

काही प्रश्न मात्र असे आहेत की त्यांचे उत्तर मराठी माणूसच देऊ शकतो. जुन्या कृतीदेवसारख्या फाँटमध्ये टंकलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, याचे कारण असे की त्या फाँटमध्ये साठवलेली अक्षरे मुळात इंग्रजीच असतात, त्यांना केवळ देवनागरीचे रूप चढवलेले असते. युनिकोड ही जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धती १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान देते, म्हणून युनिकोडमधील मराठी मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना बदलत नाही. हे उत्तर हिंदी भाषकही देईल. परंतु ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील भेद संगणकावर कसा दाखवावा, हा प्रश्न हिंदीत उद्भवतच नाही. पहिल्यात विद्वान आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. त्याचे उत्तर साधे आहे: भारत सरकारने प्रमाण ठरवलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ची कळ शिफ्टसह दाबून नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यावा, मग हलन्त आणि मग ‘य’ टंकावा, म्हणजे ‘ऱ्य’ उमटतो. कितीतरी छापील पत्रिकांवर आणि कार्यालयीन पत्रांत हा ‘ऱ्य’ चुकलेला दिसतो, तो अज्ञानापेक्षा ही एक ओळ हाताशी नसल्यामुळे.

या क्षेत्रात महाराष्ट्रातच झालेले सर्वांत विचारपूर्वक काम मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाचे आहे, आणि तो मराठी वाचकांत पुरेसा माहीत नाही. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक निधीतून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस यांसारख्या मुक्त, म्हणजे कोणालाही विनामूल्य वापरता व बदलता येणाऱ्या आज्ञावल्या सुमारे दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफितींतून शिकवल्या जातात. प्रत्येक फितीची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी विषयाची माहिती नसलेल्या नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते, म्हणजे तज्ज्ञाला सहज वाटणारी पण शिकणाऱ्याला अडवणारी पायरी आधीच सापडते. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध होते, पडदा मात्र इंग्रजीच ठेवला जातो, कारण नोकरीच्या ठिकाणी विद्यार्थ्याला तोच पडदा दिसणार असतो. समजून घेण्याची भाषा आपली आणि कामाची भाषा जशी आहे तशी, ही विभागणी अत्यंत शहाणपणाची आहे. शंका विचारणारा फितीतील कोणत्या मिनिटाला आणि कोणत्या सेकंदाला आपण अडलो, हेही नोंदवतो, त्यामुळे उत्तर देणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. नेमका प्रश्न कसा विचारावा हे येथे व्यवस्थाच शिकवते. फिती उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही पाहता येतात, आणि जेथे जोडणी केव्हा जाईल याचा भरवसा नसतो तेथे ही सोय मोलाची ठरते.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. विनामूल्य मदतीच्या नावाने फसवणूक करणारे लोक मोठ्या संख्येने आहेत; शोधयंत्रात एखाद्या कंपनीचा मदत क्रमांक शोधल्यावर समोर येणारा क्रमांक त्या कंपनीचाच असतो असे नाही. खरा स्वयंसेवक ओटीपी मागत नाही, बँकेचा तपशील विचारत नाही, आणि यंत्राचा दुरून ताबा देणारे अ‍ॅप बसवायला लावत नाही. तो उत्तर सर्वांसमोर लिहितो, आणि ते चुकले तर दुसरा जाणकार तेथेच दुरुस्त करतो. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. विषाणूबाधित यंत्र स्वच्छ करण्याची विनामूल्य साधने भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या उपक्रमात २०१७ पासून मिळतात, तर कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या विषाणूंपैकी काहींच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ हा युरोपीय पोलिसांचा आणि सुरक्षा कंपन्यांचा २०१६ मधील संयुक्त उपक्रम फुकट देतो.

मराठीत अशी मदत का हवी, याचे एक कारण औंढ्यातच आहे. या परिसरात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची पायाभरणी ११ मे २०२३ रोजी झाली. अमेरिकेतील ज्या लायगोचे ती भावंड आहे, त्याने पहिल्या लहरीचा शोध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर केला आणि त्या लहरीची आधारसामग्री व ती स्वतःच्या संगणकावर कशी तपासावी याचे पाठ कोणालाही मोफत खुले केले. तेथील शास्त्रज्ञ ज्या आज्ञावल्या वापरतात त्यांतील बऱ्याचशा मुक्तच आहेत. ज्या तालुक्यात असे विज्ञान येत आहे, तेथील अकरावीच्या मुलीला ते पाठ उघडताना अडचण आली तर तिचा प्रश्न आज तिला इंग्रजीतच विचारावा लागेल, आणि तो ती बहुधा विचारणार नाही.

औंढ्यातील, हिंगोलीतील आणि एकूण मराठवाड्यातील शिक्षकांनी, सेवा केंद्रचालकांनी आणि संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून एवढे करावे: या आठवड्यात सुटलेली एक अडचण, तिचा पडद्यावरचा संदेश आणि तिचे उत्तर, युनिकोड मराठीत, सर्वांना शोधता येईल अशा उघड्या जागी लिहून ठेवावे.