स्टिअरिंग बदलण्याआधी हाताला विचारा

आमच्या दवाखान्यासमोरच्या हमरस्त्यावर ट्रकचे सामान विकणारी तीन-चार दुकाने आहेत. त्यांच्या दारात स्टिअरिंगची चाके टांगलेली असतात. लाल, निळी, चकचकीत दांड्यांची, तर कुठे मधोमध वाघाचे तोंड. दसऱ्याच्या सुमारास, ऊस हंगामाच्या तोंडावर, इथे गर्दी होते. गाडी धुऊन, रंगवून, झेंडूचे हार घालून झाले की ड्रायव्हर मंडळींना कंपनीचे काळे, थोराड चाक नकोसे वाटू लागते. हौसेला मोल नसते हे खरे. पण त्या हौसेचे बिल कधीकधी माझ्या टेबलावर येते, म्हणून आज हा विषय घेतला.

गेल्या हंगामात एक ड्रायव्हर माझ्याकडे आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, कारखान्यावर ऊस वाहणारा जुना ट्रक, आणि स्टिअरिंग साधे, म्हणजे पॉवर नसलेले. उजव्या हाताला मुंग्या येतात, रात्री दोन-तीन वाजता जाग येते, हात झटकला की बरे वाटते, अशी तक्रार होती. मी साखर तपासली. ती थोडी वाढलेली निघाली आणि मला आयतेच निदान मिळाले. साखरेची गोळी, पथ्य आणि बी-१२ ची इंजेक्शने, असे तीन महिने चालले. चौथ्या महिन्यात ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, शर्टाची बटणं लावता येईनात." तेव्हा कुठे मी त्यांचा हात खिडकीपाशी उजेडात धरून पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो सपाट झाला होता.

वाचकहो, चूक माझी होती. साखरेने नसा बिघडतात तेव्हा बहुधा सुरुवात तळपायापासून होते. ह्यांचे पाय ठणठणीत होते. मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात होत्या, करंगळीत नव्हत्या. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि मी कार्डावर लिहूनही घेतले होते. लिहिले, पण वाचले नाही.

मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडांचा आणि एका चिवट पट्ट्याचा मिळून एक अरुंद बोगदा असतो. बोटे मिटणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मोठी नस एवढे सारे त्यातून जाते. मूठ सारखी घट्ट आवळली आणि मनगट वाकडे राहिले की दोऱ्यांवरची आवरणे सुजतात, आणि जागा नसल्याने चेपली जाते ती नस. ह्या दुखण्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. रात्री हात झटकावासा वाटणे ही त्याची ठळक खूण. मधुमेहात ते अधिक आढळते, त्यामुळे साखर वाढलेली दिसली म्हणून मनगट तपासायचे सोडू नये. उलट अधिक नीट तपासावे.

मग मी उशिरा का होईना, विचारले, "दिवसभर हातात काय धरता?" ते हसले आणि मला खाली गाडीपाशी घेऊन गेले. दिवाळीच्या आधी हौसेने नवे स्टिअरिंग बसवले होते. लहान, बारीक कड्याचे, त्यावर गुळगुळीत मखमली कव्हर आणि गरगर फिरवायला एक मूठ. मी दवाखान्यातली टेप लावून मोजले. व्यास सोळा इंच. जुने चाक केबिनमागे बांधून ठेवले होते, ते भरले वीस इंच.

मी एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे, मेस्त्री नव्हे. पण तरफेचा नियम शाळेत सर्वांनीच शिकलेला असतो. बोल्ट खोलायला लांब पाना घेतला की जोर कमी लागतो, तसेच हे. वीस इंची चाक फिरवायला जिथे चार किलोचा जोर लागतो, तिथे सोळा इंचीला पाच किलोचा लागणार. म्हणजे पाव पट जास्त, आणि तो प्रत्येक वळणाला. साध्या स्टिअरिंगच्या ट्रकला कंपनी एवढे मोठे चाक देते ते ड्रायव्हरच्या हाताला जोर मिळावा म्हणूनच. त्यात कारखान्याच्या गव्हाणीपाशी काय चालते ते आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. उसाने ठासून भरलेली गाडी रांगेत वीतभर पुढे, वीतभर मागे. चाके जवळजवळ जागच्या जागी वळवायची. स्टिअरिंग सर्वांत जड असते ते तेव्हाच.

कव्हरचेही तसेच. हात घसरतो म्हणून माणूस नकळत मूठ आणखी आवळतो. सैल कव्हर तर ऐन वळणावर स्वतःच कड्याभोवती फिरते. हात वळतो, चाक वळत नाही. कव्हर हवेच असेल तर खरखरीत, जाडसर आणि दोऱ्याने कड्यावर ओवून शिवलेले घ्यावे. बारीक कड्यापेक्षा जरा जाड कडे मुठीला सोयीचे पडते. ह्या बाबतीत चाक सजवणाऱ्यांशी माझे भांडण नाही.

त्या मुठीबद्दल मात्र आहे. साध्या स्टिअरिंगच्या गाडीचे पुढचे चाक खड्ड्यात आपटले की स्टिअरिंग उलटा झटका मारते. अशा वेळी मूठ मनगटावर किंवा कोपराखाली बसली की हाड मोडू शकते. ह्याच कारणासाठी अंगठा कड्याच्या आत अडकवून गाडी चालवू नये, कडेवर बाहेरून टेकवावा. मनगटाच्या एका अस्थिभंगाला आमच्या पुस्तकांत आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. पूर्वी मोटारी हँडल मारून सुरू करीत. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल ड्रायव्हरच्या हातावर येई आणि हाड मोडे. हँडल गेले, नाव राहिले.

अपघाताचा विचार तर दुकानात कोणी करीतच नाही. ट्रकचे स्टिअरिंग मोटारीपेक्षा आडवे असते. समोरून धडक बसली की खालचे कडे पोटात घुसते आणि स्वादुपिंड व लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग मागच्या मणक्यावर चेपला जातो. बाहेरून साधे खरचटलेलेही नसते. ड्रायव्हर उठून चालतो, चहा घेतो, पोलिसांना जबाब देतो, आणि पोटदुखी नि उलट्या काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात. म्हणून ज्याच्या पोटाला वा छातीला स्टिअरिंग लागले आहे, त्याने बरे वाटत असले तरी रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावे. असल्या जागी टोकदार धातूचे वाघाचे तोंड कशाला हवे? शिवाय, लहान चाकाच्या आड मीटर लपतात. एअर ब्रेकच्या गाडीत हवेचा दाब दाखवणारा काटा दिसला नाही तर काय होईल ते ड्रायव्हर मंडळींना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. आणि ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, त्या चाकाला बाहेरच्या मेस्त्रीने हातच लावू नये.

मग बदल करूच नये का? जरूर करावा, पण जिथे दुखते तिथे करावा. जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवता येते. इंजिनावर चालणारा पंप तेलाच्या दाबाने वळवण्याचे काम हलके करतो. ते कंपनीच्या भागांचे आणि जाणकार मेस्त्रीकडून बसवलेले असावे. नळी फुटली किंवा इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग एकदम जड होते. त्या घटकेला हातात मोठे चाकच लागते, म्हणून पॉवर असली तरी फार लहान चाक नकोच. तेवढा खर्च झेपत नसेल तर पुढच्या टायरांत हवा बरोबर ठेवणे, किंगपिनला वेळेवर ग्रीस, अलाइनमेंट आणि बसकी सीट दुरुस्त करणे, एवढ्यानेही खांदा-मनगटाला पुष्कळ आराम मिळतो.

हे ड्रायव्हरला सांगून उपयोग किती? गाडी मालकाची. मालक केबिनवर रोषणाई करतात, मागे मुलांची नावे रंगवतात, पण सीट फाटकीच राहते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातली होती. उसाच्या गाडीवर ती पाळलेली मी इतक्या वर्षांत पाहिली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. म्हणजे ड्रायव्हरलाही शरीर असते हे सरकारदरबारी मान्य झाले, चांगले झाले. पण आपल्या रस्त्यांवर जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. माझे स्पष्ट मत आहे की पॉवर स्टिअरिंगचा खर्च मालकाने टायर-डिझेलच्या खर्चासारखाच धरावा. तो ड्रायव्हरच्या हौसेत मोडत नाही.

आमच्या ड्रायव्हरसाहेबांनी जुने वीस इंची चाक पुन्हा बसवले. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधायला दिली. जाग येणे थांबले, पण अंगठ्याची ताकद आली नाही. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी नस मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रिया झाली. बटणे आता लागतात, सपाट झालेला उंचवटा मात्र पूर्वीसारखा भरलेला नाही. तीन महिने आधी पाठवले असते तर बहुधा भरला असता. मालक परवा रक्तदाब तपासायला आले होते. पॉवर स्टिअरिंगला किती खर्च येईल, असे त्यांनी मलाच विचारले. मी त्यांना समोरच्या मेस्त्रीकडे पाठवले. गाडी अजून गॅरेजला लागलेली नाही.