असूड शोधायचा कसा?

मंडळी, शाश्वत विकासासाठी साऱ्या जगाचं ज्ञान एका डिजिटल ग्रंथालयात आणायचं, असं कोणी म्हणालं की मला आनंद होतो आणि लगेच धडकीही भरते. कारण पहिला प्रश्न ठरलेला : किती लाख पुस्तकं? अहो, पुस्तकाबद्दल काय काय नोंदवायचं ते आधी ठरवा ना!

आपल्याकडचंच बघा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या राज रेड्डींच्या 'मिलियन बुक्स' प्रकल्पातून 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' उभी राहिली. त्यातली कितीतरी मराठी पुस्तकं आता इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात. मी ऋणीच आहे. पण नोंदी? मराठी नावं रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने. कित्येकदा लेखक 'उपलब्ध नाही'. आत पहिल्याच पानावर नाव ढळढळीत छापलेलं असताना!

महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. ताली-बंधारे घालून पावसाचं पाणी जमिनीत मुरवा, हे त्यांनी तेव्हाच सांगितलंय. हे पुस्तक नुसतं 'समाजसुधारणा' या खणात टाकलं, तर मृदसंधारण शोधणाऱ्याला ते दिसणार कसं? आणि असूड रोमनमध्ये लिहायचा कसा? एक यू, दोन यू, की डबल ओ?

वर्षाचं तर विचारूच नका. १९५० च्या दशकात पिकावर डीडीटी मारायचा सल्ला सर्रास दिला जाई. भारतात शेतीसाठी त्यावर १९८९ मध्ये बंदी आली. वर्षाच्या रकान्यात शून्य टाकलंत, तर एखादा तरुण तो सल्ला आजचा समजून औषध शोधत फिरायचा! तीच गत मातीची. कोकणातल्या जांभ्याचा उपाय मराठवाड्याच्या काळ्या रानात चालत नाही. मग प्रदेश, माती, पाऊस यांचे रकाने नकोत?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ उद्दिष्टं ठरवली, मुदत २०३०. पुस्तकांवर त्यांचे शिक्के खुशाल मारा. पण शेतकरी 'उद्दिष्ट क्रमांक दोन' शोधत नाही हो, तो हरभऱ्यावरची घाटेअळी शोधतो!

भाचा म्हणतो, "आत्या, आता एआय सगळं शोधून देतं." अरे बाबा, वर्षाचं पान फाटलेलं असेल, तर ते पुस्तक कधीचं हे जाणकारालाच विचारावं लागतं. आणि असे जाणकार आहेत की! आम्ही निवृत्त मास्तर-बाई गावोगावी रिकामेच बसलोय. रोज पाच पुस्तकं द्या, देवनागरीत नोंदी करून देतो. आयुष्यभर हजेरीपटच तर भरलेत.