कळपाची वाट कागदावर हवी

हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या रानांत हिवाळा काढणारे वनगुज्जर एप्रिलच्या सुमारास आपल्या म्हशींचे कळप घेऊन ‘बुग्याल’ म्हणविणाऱ्या उंच कुरणांची वाट धरितात. खाली पाला सरतो, झरे आटतात; वर बर्फ वितळून कोवळे गवत येते. ऊन व मोटारींची वर्दळ चुकविण्यासाठी चाल बहुधा रात्रीची. पावसाळा सरल्यावर कळप परततो.

यास रिकामी भटकंती म्हणणाऱ्या शहाण्यांशी आमचे जमत नाही. ऋतु पाहून गुरे हलविणे हा कुरणांचा फेरपालटच होय. त्यात गवतास विसावा मिळतो.

सन २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला, हे योग्यच झाले. परंतु कुरण दिले आणि तेथवरची वाट, मुक्काम व पाणवठे मोकळे ठेविले नाहीत, तर विहीर देऊन पोहरा काढून घेतल्यासारखे होते. परवान्यास आठ दिवसांचा विलंब म्हणजे दप्तरात केवळ एक निराळी तारीख. उन्हात अडकलेल्या म्हशीचे मात्र तेवढ्यात दूध आटते. आमचा जन्म महसुली दप्तरात गेला. कागदावर न चढलेली वाट पाहता पाहता नांगराखाली जाते.

हे दूरचे झाले. आपल्या शिवारात काय चालते? धनगराची मेंढरे शेतात बसावीत म्हणून आपण त्यास धान्य देतो, आणि त्याच्याच पाणंदीत काटे घालितो! महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६५ अन्वये गावच्या वहिवाटीच्या वाटा वाजिब-उल-अर्जात नोंदविण्याची तरतूद आहे. वाचकांनी आपल्या गावचा तो कागद मागवून पाहावा, व धनगरांची वाट त्यात नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.